शाळेच्या मैदानातून फुटबॉलचा कोच घडवा: इंदूरच्या मराठी संस्थांना खुले पत्र

प्रति,
इंदूरमधील मराठी संस्था, मंडळे व शाळा यांचे सन्माननीय पदाधिकारी आणि विश्वस्त

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी बहुतेक संस्था दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतात. दहावी-बारावीचे टक्के, सीए, आयआयटी, संगीताच्या परीक्षा, सगळ्यांचं कौतुक होतं आणि गरजूंना शिष्यवृत्तीही मिळते. हे काम मोलाचं आहे आणि माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना त्याचा लाभ झालेला मी पाहिला आहे. त्याला जोडून एक नवी शिष्यवृत्ती सुरू करावी, ही विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. ती फुटबॉल शिकवणाऱ्यासाठी असावी. आपल्या शाळांमधल्या एका तरी क्रीडाशिक्षकाचा, आणि या वाटेला येऊ पाहणाऱ्या एका तरी मुलीचा, कोचिंगच्या लायसन्सचा सगळा खर्च संस्थेनं उचलावा आणि ते शिकून आल्यावर त्यांना निर्धास्तपणे काम करता येईल इतकी वर्षं द्यावीत.

मी निवृत्त पी.टी. शिक्षक आहे. उभी नोकरी शिट्टी आणि धूळ यांत गेली. आज रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर कुठल्याही गल्लीत जा, मुलांच्या अंगावर मेस्सीची किंवा एम्बाप्पेची जर्सी दिसते. रात्री जागून इंग्लंडच्या लीगचे सामने बघणारी मुलं आपल्या घराघरांत आहेत. मुलाची ही हौस बघून पालक एकच प्रश्न विचारतात: "सर, फुटबॉलमध्ये पुढे काय?" प्रश्न रास्त आहे. खेळाडू म्हणून नाव होणं हजारांत एखाद्याच्या नशिबी, आणि तेही पस्तिशीपर्यंत. पण ज्याला खेळ कळतो आणि समजावून सांगता येतो, त्याच्यापुढे चाळीस वर्षांचं करिअर आहे. ते आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर नाही. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बॉब हॉटन यांचं नाव आपल्याकडे फुटबॉल बघणाऱ्यांना ठाऊक असेल. हे इंग्रज गृहस्थ खेळाडू म्हणून कुणाच्या लक्षात राहावेत असे नव्हते. इंग्लंडमध्ये मेडस्टोन नावाच्या छोट्या क्लबचं काम करत होते. १९७४ मध्ये स्वीडनच्या माल्मो क्लबनं त्यांना बोलावलं, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. पहिल्याच वर्षी त्यांनी स्वीडिश लीग जिंकून दिली, मग १९७५ आणि १९७७ मध्ये पुन्हा. १९७९ मध्ये हाच क्लब म्युनिकला युरोपियन कपच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या, फायनलमध्ये उभा होता. नॉटिंगहॅम फॉरेस्टनं ती १-० अशी जिंकली, पण स्वीडनचा कुठलाही क्लब त्याआधी किंवा त्यानंतर तिथवर पोचलेला नाही. हॉटन यांनी मेडस्टोनमधला आपला जोडीदार रॉय हॉजसन यालाही स्वीडनला बोलावून घेतलं. हॉजसनने हाल्मस्टाड क्लबला १९७६ आणि १९७९ मध्ये लीग जिंकून दिली आणि पुढे स्वित्झर्लंड, फिनलंड, इटलीतलं इंटर असं करत करत तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, झाला.

तेच हॉटन २००६ मध्ये भारताच्या संघाकडे आले. २००७ चा नेहरू कप आपण सीरियाला १-० हरवून जिंकला, २००९ चा पेनल्टीवर. २००८ मध्ये दिल्लीत एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅलेंज कपच्या फायनलमध्ये ताजिकिस्तानला ४-१ हरवलं, सुनील छेत्रीनं तीन गोल केले. त्या कपामुळे १९८४ नंतर पहिल्यांदा, २०११ मध्ये, भारत आशिया कपात खेळला. तिथे आपण तिन्ही सामने हरलो, बहरीननं पाच आणि ऑस्ट्रेलिया व दक्षिण कोरियानं चार-चार गोल घातले. तरीही सत्तावीस वर्षांनी त्या दारातून आत जाता आलं, ही गोष्ट लहान नाही.

दुसरे स्टीफन कॉन्स्टंटाइन. लंडनमध्ये जन्म. गुडघ्यानं साथ सोडली म्हणून खेळणं लवकर संपलं. त्यांनी राष्ट्रीय संघाचं काम सुरू केलं ते काठमांडूला, १९९९ मध्ये. त्याच वर्षी नेपाळनं घरच्या मैदानावर दक्षिण आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. मग भारत, मग आफ्रिकेत मलावी, सुदान, रवांडा आणि २०१५ मध्ये पुन्हा भारत. त्यांच्या हाती आला तेव्हा आपला संघ जागतिक क्रमवारीत १७० च्या पलीकडे होता, २०१७ मध्ये तो ९६ वर आला. जानेवारी २०१९ मध्ये आशिया कपात आपण थायलंडला ४-१ हरवलं. त्या पराभवानंतर दुसऱ्याच दिवशी थायलंडनं आपला कोच काढून टाकला. आणि आठवड्याभरात बहरीननं शेवटच्या क्षणी पेनल्टीवर गोल करून आपल्याला बाहेर काढलं, तेव्हा कॉन्स्टंटाइन यांनी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. हरणारा आणि जिंकणारा, दोघंही कोच आठ-नऊ दिवसांत घरी! ऑक्टोबर २०२३ मध्ये हेच गृहस्थ इस्लामाबादला पाकिस्तानच्या डगआउटमध्ये होते आणि कंबोडियाला १-० हरवून पाकिस्ताननं विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला आपला पहिलावहिला विजय मिळवला. या माणसाला स्वतःच्या मायदेशात, इंग्लंडमध्ये, कुठल्याही मोठ्या क्लबची धुरा मिळाली नाही. पण सहा देशांची मुलं त्याच्या हाताखाली घडली आणि त्याचं सगळं आयुष्य या विद्येवर चाललं.

नोकरी बेभरवशाची आहे हे मी लपवत नाही. बेभरवशाच्या कामात टिकायला विद्या पक्की लागते, आणि ती वेळ व पैसा खर्च केल्याशिवाय येत नाही. संस्थांची गरज लागते ती इथे.

आता माझ्या मनातला मुख्य मुद्दा. हे मॅनेजर येतात कुठून? आपल्याला वाटतं, मोठा खेळाडू निवृत्त झाला की मोठा कोच होतो. तसं होतंही. पण माझ्या व्यवसायातल्या माणसांची नावं बघा. रॉय हॉजसन शाळेत पी.टी. शिकवत होते. हॉलंडचे लुई व्हॅन गाल वर्षानुवर्षं ॲमस्टरडॅमच्या शाळेत व्यायामशिक्षक होते, आणि १९९५ मध्ये त्यांनी तिथल्या आयाक्स क्लबला चॅम्पियन्स लीग (पूर्वीचा युरोपियन कप) जिंकून दिली. जोसे मोरिन्यो पोर्तुगालमध्ये शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे. १९९२ मध्ये बॉबी रॉबसन हे इंग्रज मॅनेजर लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबमध्ये आले तेव्हा त्यांचा दुभाषी म्हणून मोरिन्यो कामाला लागले. रॉबसन पोर्तोला गेले, हे बरोबर गेले. रॉबसन बार्सिलोनाला गेले, हे तिथेही गेले. मोठ्या माणसाच्या शेजारी बसून, त्याचं बोलणं दुसऱ्या भाषेत खेळाडूंना सांगता सांगता विद्या घेतली. २००४ मध्ये त्यांच्या पोर्तोनं चॅम्पियन्स लीग जिंकली आणि २०१० मध्ये इटलीतल्या त्यांच्या इंटरनं.

आणि सरीना विगमन. ही बाई हेगच्या एका शाळेत पी.टी. टीचर होती. खेळत होती, शिकवत होती, पुढे कोचिंगची सगळी लायसन्स एकेक करून मिळवली. २०१७ मध्ये मायदेशी, हॉलंडच्या महिला संघाला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं. मग इंग्लंडनं तिला बोलावलं आणि २०२२ व २०२५ मध्ये इंग्लंडच्या मुलींनी युरोप जिंकला. ज्या इंग्लंडनं जगाला फुटबॉल दिला, त्यांनी परदेशातल्या एका माजी शिक्षिकेला आपला संघ सोपवला.

आपल्या देशातलं सर्वांत मोठं नाव तर शिक्षकाचंच आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. व्यवसायानं शाळामास्तर, लोक त्यांना रहीम साहेब म्हणत. १९५१ मध्ये दिल्लीत त्यांच्या संघानं इराणला हरवून आशियाई सुवर्णपदक मिळवलं. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत उपांत्य फेरीत पोचला आणि चौथा आला. १९६२ मध्ये जकार्तात, स्वतः कॅन्सरनं पोखरलेले असताना, त्यांनी दक्षिण कोरियाला २-१ हरवून पुन्हा सुवर्ण आणलं. जून १९६३ मध्ये ते गेले. त्यानंतर आजवर भारतीय पुरुष संघाला आशियाई स्पर्धांमध्ये फुटबॉलचं सुवर्ण मिळालेलं नाही. एक शिक्षक गेला आणि त्याच्या मागे त्याच्या तोडीचे दहा शिक्षक तयार नव्हते. मला हे दुःख आजही वाटतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांच्याकडे राष्ट्रीय संघ आला, म्हणजे सावियो मेदेइरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी पुन्हा एक भारतीय कोच. मुंबई एफसीसारख्या तुटपुंज्या पैशांच्या क्लबला त्यांनी वर्षानुवर्षं वरच्या लीगमध्ये टिकवून ठेवलं होतं, आणि २०१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉलला आय-लीग जिंकून दिली. राष्ट्रीय संघाबरोबर त्यांना लगेच यश आलं असंही नाही. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरकडून १-२ असं हरल्यावर २०२७ च्या आशिया कपची आपली वाट बंद झाली. एकट्या माणसाला निवडून संघ सुधारत नाही. त्याच्याकडे खेळाडू पोचतो तेव्हा तो विशी ओलांडलेला असतो, आणि पहिला स्पर्श कसा घ्यायचा, मान वर करून कसं खेळायचं हे त्याला आठव्या-नवव्या वर्षी कुणीतरी शिकवायला हवं होतं. ते शिकवणारा माणूस शाळेतच असतो. माझी तळमळ त्या माणसासाठी आहे.

कोचच्या कामाचं मोल इंदूरला मी समजावून सांगायची गरज नाही. होळकर दरबारानं सी. के. नायडूंना इथे बोलावून मान दिला, स्थैर्य दिलं, आणि होळकरांच्या संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला. महायुद्धाच्या काळात डेनिस कॉम्प्टन महूच्या छावणीत होते. हे लंडनच्या आर्सेनल क्लबचे फुटबॉलपटू आणि इंग्लंडचे फलंदाज. १९४४-४५ च्या रणजी फायनलमध्ये ते होळकरांकडून खेळले आणि नाबाद २४९ धावा काढल्या. पुढे १९५० मध्ये याच माणसानं आर्सेनलकडून एफए कप जिंकला. बाहेरच्या गुणी माणसाला जवळ करायची या गावाची रीत जुनी आहे.

आणि २०२२ तर कालची गोष्ट. मुंबईचे चंद्रकांत पंडित कर्णधार असताना, १९९८-९९ मध्ये, मध्य प्रदेश बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजीची फायनल हरला होता. तेवीस वर्षांनी ते कोच म्हणून त्याच मैदानावर उभे होते आणि आपण मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. त्या रात्री राजवाड्यावर जे बोलणं चाललं होतं ते खेळाडूंइतकंच पंडितांबद्दल होतं: शिस्त, पहाटेचा सराव, आणि आपल्या क्रिकेट संघटनेनं त्यांना दिलेली मोकळीक. मध्य प्रदेशकडून खेळलेले अमय खुरासिया पुढे केरळचे कोच झाले आणि २०२४-२५ मध्ये केरळ पहिल्यांदा रणजीच्या फायनलला पोचला. क्रिकेटमध्ये हे सगळं आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. फुटबॉलला तोच नियम लागू होतो.

आपल्याच राज्यात शहडोलजवळचं विचारपूर आहे. आदिवासी वस्तीचं गाव, दारूमुळे बदनाम झालेलं. रईस अहमद या माजी खेळाडूनं तिथल्या मुलांना फुटबॉल शिकवायला घेतलं आणि आज लोक त्या गावाला मिनी ब्राझील म्हणतात. पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केल्यावर जर्मनीतल्या इंगोलश्टाट क्लबचे डिटमार बायर्सडॉर्फर यांनी तिथल्या मुलांना जर्मनीत प्रशिक्षण देण्याची तयारी दाखवली. त्या गावाकडे स्टेडियम नव्हतं, मोठा देणगीदार नव्हता. एक शिकवणारा होता. इंदूरकडे नेहरू स्टेडियम आहे, चिमणबागेचं मैदान आहे, शाळा आहेत, आणि आपल्यासारख्या संस्था आहेत.

आता व्यवहाराचं बोलतो. कोचिंगची लायसन्स पायरीपायरीनं मिळतात. डी, मग सी, बी, ए आणि सगळ्यांत वर प्रो. देशातल्या अव्वल लीगमध्ये मुख्य कोच व्हायचं तर प्रो लागतं. एका पायरीवरून दुसरीवर जाण्याआधी मध्ये काही काळ प्रत्यक्ष संघ सांभाळावा लागतो, नुसती परीक्षा देऊन चालत नाही. कोर्स बहुतेक वेळा दुसऱ्या शहरात असतो. फी, प्रवास, राहणं, आणि तेवढे दिवस बिनपगारी रजा. वरच्या पायऱ्यांचा खर्च तर मध्यमवर्गीय घराला झेपणारा नाही. खासगी शाळेतल्या तरुण क्रीडाशिक्षकाचा पगार किती असतो ते आपण जाणता, त्यातले बरेच जण दहा महिन्यांच्या करारावर असतात. पदरमोड करून तो डी करतो आणि तिथेच थांबतो.

माझी एक विद्यार्थिनी बी.पी.एड. होऊन सकाळी सहाला आठ-नऊ वर्षांच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवते. मी उभा राहून बघतो. ती ओरडत नाही. चूक झाली की खेळ थांबवते, मुलालाच विचारते, "तुला मोकळं कोण दिसत होतं?" आणि उत्तराची वाट पाहते. ही हातोटी शिकवून येत नाही. तिच्या वडिलांना वाटतं तिनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात, आणि त्यांची काळजी खोटी नाही. शहरातल्या एका शाळेनं तिला संघ दिला होता. आंतरशालेय स्पर्धेत मुली पहिल्या फेरीत हरल्या आणि पुढच्या सत्रात तिचा करार वाढवला नाही. त्या मुलींनी फुटबॉल सोडला. तिनं अजून सोडलेला नाही, पण आणखी किती दिवस धरून ठेवेल? जुलै २०२५ मध्ये आपल्या महिला संघानं थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आशिया कपात जागा मिळवली. असा संघ घडवणाऱ्या मुली आपल्या घरांत आहेत, आणि त्यांना शिकवू शकणाऱ्याही.

म्हणून मागणं असं आहे. तीन-चार संस्थांनी एकत्र यावं, एकीवर भार नको. पहिल्या वर्षी दोघांची निवड करावी, त्यातली एक मुलगी असावी, आणि निवड मैदानावर त्यांचं शिकवणं बघून व्हावी, ओळखीपाळखीनं नाही. डी आणि सी या दोन पायऱ्यांचा सगळा खर्च द्यावा, कोर्सच्या दिवसांचा पगार कापू नये. परत आल्यावर आपल्याच एखाद्या शाळेत किमान पाच वर्षांची नेमणूक द्यावी आणि त्या काळात करंडक किती आले यावरून त्यांना जोखू नये. किती मुलं टिकली, बारा वर्षांचा मुलगा दोन्ही पायांनी खेळतो का, हे विचारावं. बी लायसन्सच्या वेळी पुन्हा बसून ठरवावं. एवढ्यासाठी लागणारा पैसा एका दिवे-रोषणाईच्या फुटबॉल चषकाच्या खर्चाहून अधिक होईल असं मला वाटत नाही. चषक जरूर भरवा, पण त्याच्या आधी शिकवणारा उभा करा.

एक शंका मला आधीच ऐकू येते आहे: आपण पैसे घालायचे आणि तो शिकून बंगळुरूला नाहीतर गोव्याला निघून गेला तर? पाच वर्षांनंतर जाऊ द्या. आनंदानं जाऊ द्या. जॉर्ज रेनर नावाचे इंग्रज कोच होते. १९४८ मध्ये त्यांनी स्वीडनला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं आणि १९५८ मध्ये स्वीडनला विश्वचषकाच्या फायनलपर्यंत नेलं, जिथे ब्राझीलनं त्यांना हरवलं. मायदेशी परतल्यावर त्यांना काम मिळालं ते स्केग्नेस या समुद्रकाठच्या गावातल्या छोट्या क्लबचं. इंग्लंडनं आपल्याच माणसाची किंमत केली नाही आणि दुसऱ्या देशानं त्याच्याकडून सगळं शिकून घेतलं. बाहेर जाणाऱ्यामुळे गावाचं नुकसान होत नाही. त्याच्याशी नातं तोडलं तर होतं. आपला कोच बाहेर गेला तर सुट्टीत त्याला बोलवा, नव्या मुलांसमोर उभा करा, आणि त्याच्या जागी तिसरा पाठवा.

निवडीच्या कामात मदत करायला मी तयार आहे. कुठलंही मानधन नको. शहरातल्या कुठल्या शाळांत कोण मनापासून शिकवतं याची मला बरीच माहिती आहे, आणि माझे दोन-तीन जुने सहकारीही सोबत येतील. आपल्या कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि आम्हाला अर्धा तास द्यावा. नवं शैक्षणिक सत्र सुरू होण्याआधी दोन नावं ठरली, तर पावसाळ्यानंतरच्या पहिल्या कोर्सला दोघंही जाऊ शकतील.

आपला नम्र,
रामबागेतला एक निवृत्त क्रीडाशिक्षक
इंदूर